चहापुरता परवाना

"सोलापूरला जंगल आहे कुठं?"

नोकरी सांगितली की हा प्रश्न ठरलेला. लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या पाहुण्यांपासून सात रस्त्याला रिक्षात भेटलेल्या बाईपर्यंत सगळ्यांनी मला तो विचारला आहे. त्यात माझं आडनाव वाघमारे. "वाघमारे आणि वनखात्यात?" म्हणून पहिल्या दिवशी सगळं ऑफिस हसलं, आणि निवृत्तीच्या दिवशीही साहेबांनी भाषणात तोच विनोद केला. मी दोन्ही वेळा हसले. वाघ मी मारला तर नाहीच, पण सबंध नोकरीत पाहिलासुद्धा नाही.

आमचं जंगल उभं नाही, आडवं आहे. माळरान. गुडघ्याएवढं गवत, मधूनच एखादी बोर, एखादं हिवर, आणि वर सगळं आभाळ. पावसाळ्यानंतर चार महिने ते डोळ्यांना गार वाटतं, मग पिवळं पडतं, आणि होळीच्या सुमाराला असं वाळतं की चालताना पायाखाली कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो. लोकांना ते ओसाड वाटतं. पण त्या गवतात काळवीट राहतात, खोकड राहतं, लांडगा राहतो. चंडोल, टिटवी, धाविक हे पक्षी तर घरटं बांधायला झाड शोधतच नाहीत. जमिनीवर, गवताच्या बुडाशी, नाहीतर नुसत्या खड्यांत अंडी घालतात. म्हणजे आमच्या जंगलाचा पाळणाघरासारखा भाग आहे तो जमिनीलगत, अगदी पायाशी. आणि आग आली की ती पायाशीच येते.

मी सोलापूरजवळच्या कुंभारीची. आई शेतमजुरी करायची. खाकी घालून पहिल्यांदा घरी गेले तेव्हा आईनं पोलिसात लागले असंच समजून गल्लीत साखर वाटली. पोलिसात नाही, गवत राखायला लागले, हे तिला सांगायला मला आठवडा लागला. ती म्हणाली, "गवत राखायला सरकार पगार देतं व्हय?" देतं. आणि गवत राखणं म्हणजे नव्वद टक्के माणसं राखणं, हे नोकरीत शिरल्यावर मला कळलं.

गेल्या काही वर्षांत माळावर पायी हिंडायला येणारी मंडळी वाढली. जुळे सोलापूरच्या फ्लॅटमधले नोकरदार, कॉलेजची मुलंमुली, सूतगिरणीत कामाला असलेली पण आभाळातले तारे पाहायचं वेड असलेली माणसं. पाठीवर पिशवी, गळ्यात दुर्बीण आणि पिशवीत छोटा गॅसचा स्टोव्ह. कुणी एक दिवस चालून परत जातात, कुणी आमच्या टेहळणीच्या मनोऱ्याजवळ तंबू ठोकून मुक्काम करतात. माणूस मुक्काम करणार म्हणजे त्याला चहा लागणार, आणि थंडीत शेकोटीही लागणार. इथून माझं काम सुरू व्हायचं.

आमचा नियम साधा होता. शेकोटी आणि चूल बारा महिने बंद. स्टोव्हला परवाना मिळायचा, पण तो मनोऱ्याशेजारच्या फरशीच्या ओट्यावरच पेटवायचा. शेजारी पाण्याचा कॅन भरलेला पाहिजे. पेटता स्टोव्ह सोडून कुणी उठायचं नाही. वारा सुटला की स्टोव्ह बंद, मग भात कच्चा राहिला तरी चालेल. होळीनंतर पाऊस पडेपर्यंत तर ऊन चढायच्या आत जे काय उकळायचं ते उकळून घ्यायचं. लोकांना वाटायचं, एवढासा स्टोव्ह, त्याला कसला परवाना? पण स्टोव्ह कलंडतो. उतू गेलेलं पुसायला घेतलेला कागद पेट घेतो, तो हातातून सुटतो, वारा त्याला उचलतो. मग परवाना कुणाच्या खिशात आहे हे गवत विचारत बसत नाही.

स्टोव्हवाले तरी ऐकायचे. खरा गोंधळ हुरडेवाल्यांचा. आमच्याकडं ज्वारी दुधात आली की पाहुण्यांना हुरडा खायला बोलवायचं, ही पद्धत. एका पौषात दोन जीप भरून मंडळी थेट माळावर आली. पुढं पांढऱ्या टोपीतले एक नाना, शेजारच्या गावचे. मागं त्यांचे नवे व्याही, विहीणबाई, पोरंबाळं, कोवळ्या कणसांचा ढीग आणि पोतं भरून गोवऱ्या. मोकळा वारा, मोकळी जागा म्हणून नानांनी माळ निवडला होता.

"नाना, इथं आगटी पेटवता येणार नाही," मी म्हणाले. "गॅसचा स्टोव्ह असेल तर ओट्यावर..."

"गॅसवर?" नानांनी व्याह्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बाई, गॅसवर हुरडा भाजत्यात व्हय? पाव्हणं गावात जाऊन काय सांगतील?"

"भाजू नका असं म्हणत नाही मी. इथं भाजू नका."

"मग कुटं भाजू? डोक्यावर?"

व्याही हसले, आणि त्यामुळं नाना जास्तच चिडले. मला त्यांची अडचण कळत होती. नव्या व्याह्यांसमोर एका बाईनं अडवलं होतं. मी त्यांना बाजूला घेतलं आणि माळाच्या हद्दीपलीकडं बोट दाखवलं. तिथं एका शेतकऱ्यानं नुकतंच नांगरलेलं काळं रान होतं. आगीला खायला काडी नाही अशी जागा. तो शेतकरी आमच्या ओळखीचा. त्याला हाक मारली, तो खुशीनं हो म्हणाला. नानांनी तिथं खड्डा केला, गोवऱ्या रचल्या, आणि अर्ध्या तासात हुरड्याचा असा वास सुटला की मी आणि माझा वनमजूर मारुती, दोघंही गस्त विसरून बांधावर जाऊन बसलो. विहीणबाईंनी मला लसणाची चटणी घालून हुरडा दिला तो पदरात नाही, टोपीत. खाकीला पदर कुठला! पुढं नाना आमचे बिनपगारी पहारेकरी झाले. माळावर कुणी गोवऱ्या आणलेल्या दिसल्या की लांबूनच ओरडायचे, "हितं न्हाय, तिकडं! नांगरटीत!"

सगळी प्रकरणं अशी गोड झाली नाहीत. एका फाल्गुनात माळ पेटला.

भर दुपार होती. मारुतीला आधी धूर दिसला. आम्ही पोचेपर्यंत आग रांगत नव्हती, पळत होती. अशा वेळी आमच्याकडं हत्यार म्हणजे कडुलिंबाच्या ओल्या फांद्या. जळून गेलेल्या बाजूनं जायचं आणि आगीची कड झोडपत पुढं सरकायचं. समोरून कधी जायचं नाही. हिवाळ्यात आम्ही माळाला जाळरेषा घालतो, म्हणजे गवताचा एक लांबलचक पट्टा कापून, राखणीत जाळून मोकळा करून ठेवतो, की आग तिथं आली तर तिला पुढं खायला काही मिळू नये. त्या दिवशी वाऱ्यानं आग त्या पट्ट्यावरून उडवली. गावची माणसं धावली, बायका घागरी घेऊन धावल्या. शेवटी आग थांबली ती आमच्यामुळं नाही, पलीकडच्या नांगरटीमुळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आगीचं मूळ शोधत गेलो. एका बोरीच्या आडोशाला तीन दगड सापडले, मध्ये राख. परवाना न काढता कुणी तरी आदल्या दिवशी तिथं मुक्काम करून गेलं होतं. जाताना त्यांनी शेकोटीवर माती लोटली होती, म्हणजे माणसं बेफिकीर नव्हती. पण खाली बाभळीचा ओंडका होता. ओंडका आतून धुमसत राहतो. वरची राख गार असते, पोटात निखारा असतो, आणि वारा दुपारी येतो. ती माणसं कोण, हे कधीच कळलं नाही. आपल्या हातून काय झालं हे त्यांनाही कळलं नसणार, याचं मला अजून वाईट वाटतं. काळ्या पडलेल्या जमिनीवर एक टिटवी एकाच जागेभोवती फिरत ओरडत होती. मारुती म्हणाला, "मॅडम, चला हितनं." आम्ही निघालो.

त्यानंतर मी एक रीत पाडली. परवाना नुसता सही करून हातात द्यायचा नाही. येणाऱ्यानं नियम माझ्यासमोर मोठ्यानं वाचायचे. लोकांना शाळेत उभं केल्यासारखं वाटायचं. काही लाजायचे, काही हसायचे. आणि एक गृहस्थ भांडायचे.

ते हिरेमठ सर. अक्कलकोटच्या बाजूला एका शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागात दोन्ही. पत्नी गेल्यावर जुळे सोलापूरला मुलीकडं राहायला आले होते. मुलगी शिल्पा एका तपासणी प्रयोगशाळेत कामाला. तिनं वडलांना दुर्बीण घेऊन दिली आणि बाप माळाचा झाला. महिन्यातून एकदा तरी यायचे. त्यांच्या पिशवीत एक तळहातावर मावेल एवढा स्टोव्ह, त्याला वाऱ्याचा आडोसा म्हणून चकचकीत स्टीलचा पत्रा, आणि चहाचं भांडं. चहा मात्र ते अप्रतिम करायचे, आलं ठेचून.

"मॅडम, चहापुरता परवाना मिळेल?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

"मिळेल सर. वाचा."

"मागच्या महिन्यात वाचलं की."

"या महिन्यात परत वाचा."

मग ते वाचायचे आणि प्रत्येक ओळीला थांबायचे. "'शेकोटीस सक्त मनाई आहे.' का? 'ओट्याव्यतिरिक्त स्टोव्ह पेटविण्यास मनाई आहे.' का? 'वाऱ्याच्या वेळी मनाई आहे.' मॅडम, या कागदावर मनाई दहा वेळा आहे आणि 'कारण' हा शब्द एकदाही नाही. मी वर्गात असं शिकवलं असतं तर पोरांनी मला खिडकीतून फेकून दिलं असतं."

"कागद वरून आला आहे सर."

"साकु, मॅडम, साकु!" म्हणजे कानडीत पुरे. हात झटकून निघायचे, आणि संध्याकाळी परत जाताना माझ्यासाठी थर्मासमध्ये चहा ठेवून जायचे. आमचं भांडण असं बरीच वर्षं सुरळीत चाललं.

आता त्या दिवसाचं सांगते.

चैत्र होता. सर सकाळी लवकर एकटेच आले. शिल्पाची अर्धी ड्यूटी होती, ती दुपारी मनोऱ्यापाशी येऊन त्यांना घेऊन जाणार होती. सरांनी परवाना घेतला, नेहमीचं भांडण केलं, मनोऱ्याकडं जातो म्हणाले. मी गस्तीला दुसऱ्या बाजूला गेले.

दुपारी ऊन डोक्यावर असताना मी गस्तीवरून आमच्या चौकीवर परतले, तेवढ्यात शिल्पा तिथं आली. स्कूटी उभी न करता तशीच भिंतीला टेकवली.

"मॅडम, बाबा मनोऱ्यावर नाहीत. फोन लागत नाही. ओट्यावर चहा केल्याची खूण आहे, पण ते कुठंच नाहीत."

आधी मला काही वाटलं नाही. पक्ष्यांच्या नादातली माणसं भरकटतात. पण चैत्रातल्या दुपारी माळावर सावली नसते. बाटलीतलं पाणी संपलं की साठी उलटलेल्या माणसाला फार वेळ नसतो. मी मारुतीला बोलावलं, जीप मागवली, आणि आम्ही शोधायला निघालो. शिल्पाला म्हटलं, तू चौकीत थांब. ती थांबली नाही.

आम्ही मनोऱ्याच्या उत्तरेला गेलो, कारण सर नेहमी तिकडं जायचे. हाका मारल्या. वारा असा होता की आपलाच आवाज आपल्याला पुरा ऐकू येत नव्हता. उत्तरेला कुणी नव्हतं. ओढ्यात पाहिलं, बोरींच्या सावल्यांत पाहिलं. शिल्पा नुसती चालत होती आणि मधूनमधून फोन लावत होती. एकदा माझ्या मनात आलं, की सरांच्या पिशवीत काडेपेटी आहे. पडले-बिडले असतील तर धूर करतील, आणि धूर कुठूनही दिसेल. मी चारी बाजूंना पाहिलं. धूर नव्हता. धूर नाही म्हणजे माणूस शुद्धीत नाही, असाच मी अर्थ लावला. शिल्पाला ते सांगितलं नाही.

दक्षिणेच्या टेकाडावर भागूबाई मेंढरं घेऊन उभी होती. ही धनगराची बाई दरवर्षी या दिवसांत माळाच्या पूर्वेला हद्दीबाहेरच्या रानात वाडा लावायची. जाळी ठोकून मेंढरांना जागा, शेजारी पाल, आणि चूल बांधाच्या आत मोकळ्या मातीत. मी तिला विचारलं, दुर्बीणवाले म्हातारे सर दिसले का?

"सकाळी दिसलं की. आमच्या वाड्यावरनंच गेलं. कोकरं बघत बसलं हुतं लई येळ." ती माझ्याशी बोलत होती, पण डोळे पश्चिमेला होते. "मॅडम, तितं काय चमाकतंय बगा. मगाधरनं बगतीया."

लांब, जुन्या मुरमाच्या खाणीपाशी, उन्हात काहीतरी चमकत होतं.

"बाटली असेल फुटकी," मारुती म्हणाला.

"बाटली अशी डोळं मिचकावती व्हय?" भागूबाई म्हणाली.

आम्ही पाहत राहिलो. चमक गेली. आली. परत गेली. परत आली.

शिल्पा धावत सुटली.

सर खाणीच्या काठावर मुरमाच्या ढिगाला टेकून बसले होते. सकाळी धाविक पक्ष्यांच्या जोडीमागं गेले होते. काठ ढासळला आणि ते खाणीत घसरले. घोटा मोडला होता. फोन पडताना दगडावर आपटून फुटला होता. कोपरांवर सरपटत ते काठापर्यंत वर आले होते. ओठ फुटले होते, चेहरा तांबडालाल, आणि हातात स्टोव्हच्या आडोशाचा तो स्टीलचा पत्रा. आम्ही जवळ पोचलो तरी हात तो पत्रा हलवतच होता. शिल्पानं त्यांच्या बोटांतून तो हळूच सोडवला. "बाबा, आलो आम्ही. आलो." मग ती रडली.

घोटघोट पाणी दिलं. ओढणी ओली करून डोक्यावर घातली. उचलायला काही नव्हतं. जीप खाणीपर्यंत येत नव्हती. मागून नवऱ्याला घेऊन भागूबाई पोचली होती. तिनं खांद्यावरची घोंगडी काढून माझ्यापुढं टाकली. तिच्या नवऱ्याची आणि मारुतीची काठी दोन्ही कडांनी गुंडाळून आम्ही डोली केली. चौघांनी उचलली. वाटेत सर काहीतरी पुटपुटत होते. मी कान जवळ नेला.

"चहा ओट्यावरच केला," ते म्हणत होते. "परवान्याप्रमाणे."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ उन्हात राहिले असते तर सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारी मी त्यांना भेटायला जुळे सोलापूरला गेले. पाय प्लास्टरमध्ये, उशीवर. शिल्पा आत गेल्यावर मी विचारलं. विचारल्याशिवाय मला झोप लागली नसती.

"सर, काडेपेटी होती. वाळलं गवत होतं. नुसता धूर केला असता तरी आम्ही लगेच पोचलो असतो. का नाही केला?"

"काडी काढली होती मॅडम. खोटं कशाला बोलू. काडी पेटीवर धरली होती."

"मग?"

"आधी तुमचा राग आला. म्हटलं, या बाईच्या कागदापायी मी इथं मरणार का? माणूस मरत असताना कसली मनाई? पेटवणारच होतो. मग सवयीनं मुठीत माती घेतली आणि वरून सोडली, वारा बघायला. माती सरळ पूर्वेकडं गेली." त्यांनी हातानं दिशा दाखवली. "पूर्वेला त्या भागूबाईचा वाडा. सकाळीच बघितला होता. मोठी मेंढरं चरायला बाहेर, आणि आत जाळीत बांधलेली ती एवढी एवढी कोकरं. पालात तिची सून, तान्हं मूल मांडीवर. मधे सगळं वाळलं गवत. माझा धूर तुम्हाला दिसला असता हे खरं. पण माझी आग तुमच्या आधी तिच्याकडं पोचली असती."

मी खुर्ची त्यांच्या जवळ ओढली.

"तर तुमच्या नियमासाठी नाही थांबलो, गैरसमज नको," ते म्हणाले. "कारण दिसलं, म्हणून थांबलो."

आपण ज्यासाठी एवढी वर्षं घसा कोरडा केला ते एका माणसानं मरणाच्या दारात पाळलं, याचा घरी परत येताना रिक्षात अभिमान वाटत होता. आणि त्याच वेळी भीती वाटत होती, की आमच्या कागदावर काय करू नये ते सगळं आहे, पण अडकलात तर काय करा, हे एका ओळीतही नाही. पत्रा हलवायची बुद्धी सरांना झाली. दुसऱ्या कुणाला झाली नसती तर?

मी साहेबांकडं गेले. तेव्हाचे साहेब तरुण होते, ऐकून घेणारे होते. म्हणाले, "वाघमारे मॅडम, नवीन मसुदा करून आणा." मसुदा मी केला नाही. मला तसली भाषा जमत नाही, आणि ज्यांना जमते ते घरी पाय उशीवर ठेवून बसलेच होते. मी कागद आणि पेन त्यांच्यापुढं ठेवलं.

"हे काय?"

"दहा वेळा मनाई आहे म्हणत होता ना? आता तुम्ही लिहा."

प्लास्टर निघेपर्यंत त्यांना दुसरा उद्योग राहिला नाही. शिल्पा सांगायची, बाबा जेवताना पण खोडतात आणि लिहितात. मराठीत लिहिलं, मग कानडीतही लिहिलं, कारण अक्कलकोटकडून येणाऱ्या कितीतरी जणांना कानडीच वाचता येतं. त्यात शेकोटी का नको, हे ओंडक्यातल्या निखाऱ्यासकट होतं. स्टोव्ह ओट्यावरच का, हेही होतं. आणि खाली होतं, अडचणीत काय करायचं: शिट्टी जवळ ठेवा, चमकणारी वस्तू जवळ ठेवा, कुठं जाणार ते सांगून जा, बेत बदलला तर फोन करा, आणि हललात तर उंचावर या, झाडीत शिरू नका. साहेबांनी त्यातली दोन-तीन वाक्यं सरकारी केली, बाकीचं तसंच राहू दिलं. चौकीत आम्ही शिट्ट्यांची एक टोपली ठेवली. मुक्कामाला जाणाऱ्यानं शिट्टी न्यायची, येताना परत टाकायची. टोपली कधी पूर्ण भरलेली राहिली नाही, कारण पोरं शिट्ट्या खिशात घालून नेतात. जाऊ देत.

सर चालायला लागले, पण काठी आली. लांब जाता येईना. मग ते हिवाळ्यातल्या रविवारी चौकीच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायला लागले. येणाऱ्याला विचारायचे, "शेकोटी नको, का नको? सांगा बघू." आणि उत्तर येईपर्यंत सोडायचे नाहीत. भागूबाई दरवर्षी येते. ती आली की सर आपली खुर्ची तिच्या वाड्यापर्यंत न्यायला लावतात, आणि दोघं तासभर काय बोलतात देव जाणे. तिला कानडी येत नाही आणि सरांना तिची मराठी निम्मी कळत नाही.

मी निवृत्त झाले. त्यानंतरच्या माघात एक गंमत झाली.

माझे मिस्टर सात रस्त्याजवळ शिलाईचं दुकान चालवतात. माझ्या सबंध नोकरीत त्यांनी एकदाही माळ पाहिला नव्हता. दुकान बंद ठेवायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी. मी निवृत्त झाल्यावर एका दिवशी स्वतःच म्हणाले, "चल, दाखव तरी तू काय राखत होतीस ते." मुक्कामाचं ठरवलं. मी कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटी बांधून घेतली, आणि हौसेनं एक छोटा स्टोव्ह विकत घेतला. एवढी वर्षं लोकांना त्याचे परवाने दिले. म्हटलं, एकदा आपणही मनोऱ्याजवळ चहा करू.

चौकीत नवी वनरक्षक मुलगी होती. इस्त्रीची खाकी, घट्ट वेणी. मला ती ओळखत नव्हती, आणि मीही काही सांगितलं नाही. तिनं मला नियम वाचायला लावले. मी चष्मा लावून वाचले. मग ती बाहेर जाऊन उभी राहिली, वेणीला बांधलेल्या रिबिनीचं टोक वाऱ्यावर कसं उडतं ते पाहिलं आणि आत आली.

"मुक्कामाचा परवाना देते काकू. स्टोव्हचा न्हाय देता येणार आज. वारा लई हाय."

"ओट्यावरच करू की," मी म्हणाले. "एक कपभर चहा. पाणी घेऊन बसते शेजारी."

"ओट्यावर पण न्हाय."

मिस्टरांना राहवेना. "अहो ताई, या कोण आहेत माहीत आहे का तुम्हाला? या..."

मी त्यांचा दंड दाबला. मुलीनं त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "काका, कुणीबी असू द्या. वारा वळखत न्हाय." मग तिनं आमचा स्टोव्ह चौकीच्या फळीवर ठेवला, परत जाताना घेऊन जा म्हणाली, आणि आमच्या बाटल्या स्वतः भरून दिल्या.

मिस्टर रस्ताभर धुसफुसत होते. मला मात्र चालताना पिसासारखं हलकं वाटत होतं. का, ते त्यांना सांगत बसले नाही.

मनोऱ्यावर जाऊन बसलो. भाकरी मोडली, चटणीवर तेल सोडलं, गार पाणी प्यालो. सूर्य खाली आला आणि पिवळं गवत तांबूस झालं. काळविटांचा कळप एका ओळीत, कसलीही घाई नसल्यासारखा, समोरून गेला. एक चंडोल गवतातून उठला आणि गात गात सरळ वर चढत राहिला, दिसेनासा झाला तरी गाणं ऐकू येत होतं. मिस्टर भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून वर पाहत होते.

मग म्हणाले, "उद्या दुकान जरा उशिरानं उघडलं तर चालेल की."